मीठ, मीठा, मीठुं

डॉक्टरने नानांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. नाना खाटेवर बसून होते, कारण आडवं झालं की श्वास अडकत होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि ओठ निळे पडले होते. सकाळचे नऊ वाजले होते.

डॉक्टर नर्सला गुजरातीत काही बोलला. नर्स आपल्याकडची होती, धुळ्याची. तिने मला विचारलं, "आजी, यांच्या जेवणात मीठ किती घालता?"

"लागतं तेवढं," मी म्हटलं.

"पापड, लोणचं?"

"रोज."

तिने फाइलवर बोट ठेवलं. "अहो, फाइलवर मीठ बंद लिहिलंय. चार महिने झाले."

"मीठ नाही. गोड बंद सांगितलंय," मी म्हटलं. "गोडाचा मी कणही देत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

तिने ते डॉक्टरला सांगितलं. त्याने हातातली फाइल मिटली आणि तो नानांना घेऊन आत गेला. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि तिथे मला कळलं की मी काय केलं होतं.

नानांना झालं होतं त्याला पल्मनरी एडिमा म्हणतात, म्हणजे फुफ्फुसात पाणी भरणं. किडनी पाणी बाहेर टाकत नव्हती आणि मी घातलेलं मीठ ते पाणी अंगात धरून ठेवत होतं. माणूस बुडतो, पण कोरड्या जागी बसून.

नाना म्हणजे माझे मालक. सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही तेच लिहिते. पस्तीस वर्षं त्यांनी सुरतेच्या उधन्याला लूम, म्हणजे कापड विणायचं यंत्र, चालवली. लुमांच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. मी गावाकडे, अमळनेरजवळ, सासूचं करत राहिले. सासू गेली तेव्हा मी साठीला आले होते. मग सुरतेला आले आणि नानांचे कान झाले. दवाखान्यात ते खुर्चीवर बसायचे आणि बोलायचं, ऐकायचं, समजून घ्यायचं ते मी. मला हिंदी धड येत नव्हती, गुजराती तर नाहीच. मी चौथी शिकले आहे, मराठीत.

आल्यावर दोन महिन्यांनी नानांना सारखी तहान लागायला लागली. गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर उत्तरेकडचा होता. रक्त बघून म्हणाला, "माताजी, इनको शुगर है. मीठा बिल्कुल बंद."

शुगर म्हणजे डायबिटीस, साखरेचा आजार, एवढं मला ठाऊक होतं. साखर तर मी त्याच दिवशी डब्यातून काढली. पण तो मीठ बंद म्हणाला, असंच मी ऐकलं. घरी येऊन भाजीतलं मीठ बंद केलं. भाकरीतलंही.

पहिल्या घासाला नानांनी माझ्याकडे बघितलं. "मीठ नही शे."

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "डॉक्टरने सांगितलंय."

"मिठाबिगर भाकर कशी उतरी गळामा?"

उतरत नव्हती, ते मलाही दिसत होतं. ज्वारी-उडीद दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीत मीठच नसलं तर ती तोंडात मातीसारखी फिरते. मला वाईट वाटलं. म्हणून ताटात गुळाचा खडा द्यायला लागले. गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी माझी समजूत होती. चहातही गूळच. नाना खूश. आठ महिने मी त्यांना अळणी जेवण आणि गूळ दिला.

आठ महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून पुन्हा रक्त काढलं. साखर एवढी निघाली की डॉक्टर मोठ्याने बोलायला लागला. मी सांगितलं, मीठ तर पूर्ण बंद आहे. त्याचा कंपाउंडर मराठी होता. तो हसायलाच लागला. "मावशी, मीठा म्हणजे गोड! तुम्ही काय मीठ बंद केलं?" बाकावरचे पेशंट हसले. डॉक्टरही हसला. एका बाईने शेजारणीला माझी गोष्ट सांगितली, माझ्यासमोर.

नानांना काही ऐकू आलं नव्हतं. सगळे हसताहेत म्हणून तेही हसले.

तेव्हापासून मी दवाखान्यात काही विचारायचं नाही असं ठरवलं. कुणाशी बोलले नाही, पण ठरवलं. समजलं नाही तरी मान हलवायची.

गूळ बंद झाला, मीठ परत आलं. त्या दिवशी पहिला घास घेतल्यावर नाना म्हणाले, "डॉक्टर मरी गया का वं?"

दोन वर्षं बरी गेली, असं वाटलं. मग नानांची पावलं सुजायला लागली, लघवीला फेस येऊ लागला. मुलगा संजू कामरेजला कारखान्यात असतो, रविवारी येतो. त्याने मोठ्या दवाखान्यात नंबर लावून दिला. तिथल्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, जो किडनीने बाहेर टाकायचा असतो. किडनीच्या डॉक्टरला नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात. हा गुजराती होता, बोलायला सौम्य. त्याने सगळं सांगून झाल्यावर बोट वर करून म्हटलं, "माजी, मीठुं बंध. तद्दन बंध."

आता मी शहाणी झाले होते. या गावात मीठा म्हणजे गोड, हे मला हसून शिकवलं होतं. मी ताठ बसून म्हटलं, "साहब, मीठा तो दो साल से बंद है."

तो खूश झाला. "बहुत अच्छा, माजी. ऐसा ही रखना."

गुजरातीत मीठुं म्हणजे मीठच, आपल्यासारखंच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मीठा शब्द न शिकता इथे आले असते तर मी बरोबर समजले असते. त्याने खाण्यापिण्याचा कागदही दिला होता, पण तो गुजरातीत. मी तो फाइलमध्ये ठेवला. संजूला दाखवला नाही. दाखवला असता तर त्याने वाचला असता. पण तोही हसेल असं वाटलं.

गोड गेलं, निदान तिखट-खारट तरी मनासारखं द्यावं म्हणून मी उडदाचे पापड भाजायचे, ठेचा करायचे, कैरीचं लोणचं वाढायचे. चार महिने. नाना चवीने खात होते. मग ती सकाळ आली, जी वर लिहिली आहे.

नाना त्या वेळी वाचले. पण किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं, म्हणजे रक्त नळीने मशीनमध्ये नेऊन धुऊन परत अंगात सोडणं. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. त्यासाठी हातावर फिस्टुला केला. दोन नसा जोडून एक जाड करतात, तिच्यात सुया घालतात. हात लावला की ती घरघरते. नाना म्हणायचे, मनगटात लूम बसवली.

डिस्चार्जच्या दिवशी मी किडनीच्या डॉक्टरला विचारलं, "मेरे हाथ से हुआ क्या?"

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "माजी, किडनी शुगर ने खराब की. नमक ने जल्दी कराई. और मैंने भी नहीं पूछा कि आप क्या समझीं."

म्हणजे गूळही आला आणि मीठही आलं. दोन्ही माझ्या हातचं. त्याने मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं नाही, याबद्दल त्याचे उपकार मानते. बाकी सगळ्यांनी सांगितलं, "तुमचा काय दोष." त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

पुढच्या खेपेला मी घरून दोन पुड्या बांधून नेल्या. एकीत मीठ, एकीत साखर. टेबलावर उघडून ठेवल्या आणि विचारलं, "इसमें से क्या बंद?"

डॉक्टरने एकीत बोट बुडवून जिभेला लावलं. "आ मीठुं. बंध." दुसरीतलं चाखलं. "आ खांड. आ पण बंध."

"फिर खाने का क्या?" मी म्हटलं.

तो हसला. या वेळी मीही हसले. मग त्याने डाएटिशियनकडे पाठवलं, म्हणजे कुणी काय खायचं ते ठरवून देणारी बाई. तिलाही मी म्हटलं, नाव सांगू नका, वस्तू दाखवा. पुढच्या वेळी मी पिशवी भरून वस्तू नेल्या.

साखरेच्या डॉक्टरने भात कमी आणि भाकरी, पालेभाजी जास्त सांगितली होती. ही म्हणाली, भाकरी कमी, भात मोजून, पालेभाजी उकळून पाणी फेकल्याशिवाय नाही. केळी, नारळपाणी, टोमॅटो बंद, कारण त्यांत पोटॅशियम असतं. पोटॅशियम हा एक क्षार आहे. किडनी चालत नसली की तो रक्तात साठतो आणि हृदय बंद पाडतो. त्या गुजराती कागदावर डाळ कमी लिहिली होती, असं तिने वाचून सांगितलं. डायलिसिस सुरू झाल्यावर अंड्याचा पांढरा भाग रोज द्या म्हणाली, कारण मशीन ताकदही धुऊन नेतं. एकाच माणसाला दोन आजार, आणि एकाचं पथ्य दुसऱ्याचं कुपथ्य. मी तिला म्हटलं, तुम्ही आणि साखरेचे डॉक्टर एकदा एकमेकांशी बोला आणि मग मला सांगा. तिने खरंच माझ्यासमोर फोन लावला. तुम्हीही तसं म्हणा. राग येत नाही त्यांना, आणि आला तर येऊ द्या.

शेजारच्या मंजुबेनने एकदा कमी सोडियमच्या मिठाची पुडी आणून दिली. म्हणाली, हे किडनीवाल्यांना चालतं. मी ते घातलं नाही, पिशवीत टाकून नेलं. डाएटिशियनने पुडी वाचली आणि हातातून काढूनच घेतली. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम होतं. त्या एका वेळी मी नानांना वाचवलं. लिहिते, कारण तेवढंच आहे लिहायला.

भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजवायची, उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. सगळी चव मोरीत जाते. नाना म्हणायचे, "तू एकदाव ठराव ना वं. मीठ चालस का नही?" त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं की काय झालं होतं. एकदा संजू नसताना सांगायचं ठरवलं. पण बहिऱ्या माणसाला गुपचूप काही सांगता येत नाही, ओरडून सांगावं लागतं. सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी ओरडले, "मीच चुकले. गूळही मी दिला, मीठही मी दिलं."

नानांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "गूळ चांगला व्हता."

पाणी दिवसाला एक बाटली. बाटलीवर मी चुन्याने रेघा मारल्या होत्या. एकदा दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, साखर खाली गेली होती. किडनी गेली की साखरेसाठी टोचतो ते इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं आणि साखर अचानक उतरते, हे डाएटिशियनने सांगून ठेवलं होतं. फळाचा रस नाही, साध्या साखरेचे तीन चमचे घोटभर पाण्यात द्यायचे. दिले. ते चाटून घेत होते. बंद केलेली वस्तू त्या दिवशी औषध झाली. साखरेची पुडी घरातून काढून टाकू नका.

जेवायला बसले की नाना अंगठा आणि बोट जोडून ताटावर चोळायचे. चिमटी. म्हणजे थोडं मीठ टाक. मी मान हलवून नाही म्हणायचे. रोज दोन वेळा ते मागायचे आणि रोज दोन वेळा मी नाही म्हणायचे. पुढे पुढे त्याची गंमत झाली होती. मी ताट ठेवायच्या आधीच त्यांची चिमटी तयार असायची.

डायलिसिसवर ते एक वर्ष दहा महिने राहिले. शेवटच्या बुधवारी दुपारी वांग्याचं भरीत केलं होतं, पाणी काढलेल्या वांग्याचं, अळणी. ताट ठेवलं. नानांनी चिमटी केली नाही. भाकरी मोडली आणि निमूट खायला लागले. मी समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत होते. मग मीच उठले, मिठाचा डबा उघडला, दोन बोटांत थोडं घेतलं. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवली. नको.

शुक्रवारी सकाळी, डायलिसिसला निघायच्या आधी, चपला घालताना ते गेले. डॉक्टरने सांगितलं, हृदय. मिठाने नाही.

तुमच्या घरी हे आजार असतील तर माझ्या यादीप्रमाणे खाऊ घालू नका, प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं. आपल्या डॉक्टरला विचारा. पुड्या बांधून न्या. समजलं नाही तर पुन्हा विचारा, लोक हसले तरी विचारा.

मला साखर नाही. किडनी चांगली आहे. मी त्याच चुलीवरचं खाल्लं, त्याच परातीत मळलेलं. नाना गेले, मी आहे. आता एकटीची भाजी करते आणि मीठ घालते.