चिंचोकेबाईंचा साक्षीदार

मी बायकोचं हार्मोनचं जेल आठवडाभर स्वतःच्या गुडघ्याला चोळलं. ट्यूब पांढरी, अक्षरं मुंगीएवढी आणि चष्मा नेहमीप्रमाणे दुसऱ्या खोलीत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी अख्खी नोकरी मालावरची लेबलं तपासण्यात काढली, हेही इथेच सांगून टाकतो; नाहीतर बायको सांगेलच. हा पराक्रम कानावर गेला तेव्हा चिंचोकेबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग? गुडघा दुखायचा राहिला का?"

चिंचोकेबाई म्हणजे डोंबिवली पश्चिमेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव पदव्यांसकट होतं, पण ते कुणी घेत नसे. पाळी जाण्याच्या वयातल्या बायका एकमेकींना त्यांचं हेच नाव सांगत, आणि सांगताना आवाज खाली आणत. हे नाव का पडलं, ते पुढे येईल. त्याआधी त्यांचा कायदा सांगायला हवा. अशी बाई नवऱ्याबरोबर आली, की आधी नवऱ्याने बोलायचं. "साक्षीदार आधी," त्या म्हणत. "पेशंटचं म्हणणं मग ऐकू."

मला हे माहीत नव्हतं. बाहेरच्या बाकावर मी मजेत पेपर वाचत बसलेलो. आतून एक गृहस्थ रुमालाने मान पुसत बाहेर आले. मला म्हणाले, "पहिलीच वेळ? काही तयारी केलीय?"

"तयारी कसली? दाखवायचंय बायकोला."

"मग बसा," ते म्हणाले. "तोंडी परीक्षा आहे. मी नापास."

आत गेल्यावर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बोला साक्षीदार. सुलभाताईंना काय होतंय?"

"चिडचिड," मी ठणकावून सांगितलं.

"ती तुम्हाला होते, त्यांच्यामुळे. त्यांना काय होतंय?"

मी आठवू लागलो. घरात उकडतं, अशी सुलभाची तक्रार होती. त्यावर मी मेकॅनिक बोलावून एसीत गॅस भरून घेतला होता, तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "छान. एसी बरा आहे ना आता?" आणि सुलभाकडे वळल्या.

मग सुलभा बोलली. छातीतून वाफ उठते, मानेवरून डोक्यात जाते, ब्लाउज भिजतो. झोप तुकड्यातुकड्यांची. आणि शाळेत, दहावीच्या वर्गात, प्रमेय सिद्ध करता करता मधली पायरीच गायब होते. खडू हातात, पोरं मागे चिडीचूप. "इतकी वर्षं शिकवलेलं प्रमेय, डॉक्टर. माझं डोकं चाललंय. दिवाळीनंतर शाळा सोडायची ठरवलंय मी." मला तिने शाळा सोडण्याचं सांगितलं होतं, प्रमेयाचं नव्हतं. आणि मी काय म्हणालो होतो? "सोड की! आराम कर. दुपारी गरम जेवू दोघं."

बाईंचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. "मोठे निर्णय झोप झाल्यावर घ्यायचे असतात. आधी झोप आणू, मग शाळेचं बघू."

मग त्यांनी टेबलावर स्टीलच्या दोन वाट्या मांडल्या आणि चिंचोक्यांची बरणी उघडली. हार्मोन घ्यायचे की नाही, हे त्या कधीच सांगत नसत. एक वाटी 'घ्यावं'ची, एक 'नको'ची; चिंचोके पेशंटने स्वतः टाकायचे. सुलभाने घामाचा एक टाकला, झोपेचा टाकला, प्रमेयाचे मात्र चांगले चार-पाच टाकले. मग दुसऱ्या वाटीत अख्खी मूठ रिकामी केली. "मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता," ती म्हणाली. मी मदत म्हणून हळूच त्यातले दोन उचलायला गेलो.

"साक्षीदार, हात मागे!"

बाईंनी त्या मुठीला नावं ठेवली नाहीत. मावशीला कोणत्या वयात झाला, आईला-बहिणीला काही होतं का, सुलभाला स्वतःला कधी गाठ, रक्ताची गुठळी, लिव्हरचा त्रास, मध्येच रक्तस्राव, सगळं खोदून विचारलं. "मावशीला झाला म्हणजे तुमचं दार बंद, असं नाही. पण सताड उघडंही नाही. मॅमोग्राफी करू, बीपी बघू, रक्त तपासू. तोवर चहा कमी, चालणं रोज, थोडं वजन उचलायचं, अंगावर सुती. घाबरून नाही म्हणू नका आणि माझ्या भरवशावर हो म्हणू नका."

"शेजारच्या वहिनींना तुम्ही हार्मोन दिलेच नाहीत," सुलभा म्हणाली.

"त्यांना स्वतःला कॅन्सर होऊन गेलाय. त्यांना बिनहार्मोनच्या गोळ्या दिल्यात. हार्मोन म्हणजे प्रसाद नाही, सगळ्यांना सारखा वाटायला."

तपासण्या व्यवस्थित आल्या. पुन्हा वाट्या मांडल्या गेल्या. सुलभाने 'नको'च्या वाटीतला एकेक चिंचोका बाहेर काढला आणि शेवटच्यापाशी थांबली. "हा निघत नाही, डॉक्टर."

"राहू दे की. तो आहे म्हणून तुम्ही दर वर्षी तपासायला याल. सगळे निघाले की बायका यायच्या बंद होतात."

असं ते जेल आलं. हाताला लावायचं, मापून. आणि झोपताना एक कॅप्सूल. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं जेल देत नाहीत, कॅप्सूल त्याच्या राखणीला, असं बाईंनी समजावलं. जादू झाली नाही. पण काही आठवड्यांनी सुलभा सकाळपर्यंत झोपू लागली, आणि एका संध्याकाळी चहा गाळता गाळता तिने मला अख्खं प्रमेय ऐकवलं. मला कळलं नाही, पण मी टाळ्या वाजवल्या.

आणि नेमका माझा गुडघा धरला.

ट्यूब वेळेआधी संपत आली. सुलभा ती दाबून बघायची, उजेडात धरायची. मग एका सकाळी पलंगाच्या कडेवर बसून रडायला लागली. "मी दोनदा लावते वाटतं. लावलेलं आठवत नाही मला. पुन्हा सुरू झालं हो सगळं. आज शाळेतल्या मोठ्या बाईंना सांगून टाकते, नाही जमायचं शिकवायचं."

"अगं, होतं असं," मी समजूत घालत म्हणालो. आणि म्हणता म्हणता खिडकीतली ट्यूब उचलून गुडघ्याला लावायला घेतली.

तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. "अहो! काय आहे ते हातात?"

"मलम. दुखण्याचं."

त्यानंतरचे संवाद कोपर स्टेशनपर्यंत ऐकू गेले असावेत. पण मोठ्या बाईंना काही सांगायचं राहून गेलं. ती त्याच तिरीमिरीत मला चिंचोकेबाईंपुढे घेऊन गेली, आणि गुडघ्याची चौकशी झाली ती तेव्हा. बाई सुलभाला म्हणाल्या, "तुमचं डोकं शाबूत आहे, ताई. घरातलं दुसरं डोकं बघा." मला काही अपाय होईल का, असं मी चाचरत विचारलं. "आठवड्याने काय होणार? बायकोला काय होतंय ते कळायला लागलं, तर मात्र लगेच सांगा. शास्त्राला नवीन असेल."

सुलभा अजून दहावीला शिकवते. बाईंनी मात्र यंदा दवाखाना एका तरुण डॉक्टरणीकडे सोपवला. "आता मी दुपारची झोपणार," एवढंच कारण दिलं. शेवटच्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. बाईंनी हातानेच बसवलं. वाट्या आणि चिंचोक्यांची बरणी नव्या डॉक्टरणीपुढे सरकवली. म्हणाल्या, "ह्या सुलभाताई. एक चिंचोका शिल्लक आहे ह्यांचा, दर वर्षी विचार." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हे साक्षीदार. माणूस प्रेमळ आहे. पण ह्यांची साक्ष धरू नकोस. बायकोचं दुखणं कुठलं आणि स्वतःचा गुडघा कुठला, ह्यांना कळत नाही."