थंड चुलीतला ठसका

भूतबीत मी मानत नाही. आमच्या कळसाडीत मला थापाड्या म्हणतात, तेही खरं — माझ्या बैलाचं शिंग दर वेळी सांगताना वीतभर वाढतं. पण हे सांगतोय त्यात मीठमसाला नाही... मिरची तेवढी आहे, अन् ती माझी नव्हे.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. नंदुरबारला स्टेशनाजवळच्या मैदानात प्रदर्शन भरलं — खेड्यापाड्यांतली खरीखुरी घरं उचलून आणून मांडलेली. माझ्याकडे कापूस वेचायला दर साल सातपुड्यातून उतरणारी जुगलीबाई बैलगाडीत सोबत होती. कुडाच्या एका घरापुढे ती थबकली.

"पटेल, हाई ते मन्हं घर शे!"

मी हसलो. तिनं अशी नजर टाकली की हसू मिशीतच करपलं.

झालं होतं असं. तिच्याकडची माणसं कामाला खाली येताना दाराला एक फांदी आडवी लावतात. तेच कुलूप, कुणी ओलांडत नाही. या प्रदर्शनवाल्या शहाण्यांनी फांदी पाहिली, माणूस दिसला नाही, ठरवलं — घर बेवारस! खांब, कूड, चुलीसकट गाड्यांवर घातलं.

दाराशी कोटवाला मॅनेजर. "तिकीट?"

"तिन्हंच घर शे ते! कसानं तिकीट?" मी असा गरजलो की सुरतेची गाडी जागेवर थांबली असेल.

"पुरावा काय?"

"हाई चूल मी थापेल शे," जुगली म्हणाली. "आते मी कोठे जासू?"

"बाई, बाजूला हो. लोकांना बघू दे."

माझं डोकंच फिरलं. दारातली दोरी उपटून फेकली, तिला आत नेलं. भरदुपार, बाहेर ही गर्दी. तिनं कनवटीच्या लाल मिरच्या काढल्या, मधल्या खांबावरून उतरवल्या — "भलती नजर लागनी मन्हा घरले" — आणि चुलीत टाकल्या. निखारा नाही, काडी नाही.

धूर निघाला.

दृष्ट जबर असली की मिरचीचा वास येत नाही म्हणतात. आम्हा दोघांना खरंच आला नाही. बाहेर मात्र... मॅनेजर गुडघ्यांवर, प्रदर्शन बघायला आलेल्या गोऱ्या साहेबाचा घोडा शिंकतोय, बँडवाल्यांच्या पिपाणीतून नुसता खोकला! मी चुलीत हात घातला — विहिरीच्या पाण्यासारखी गार.

"मिरचीबाजाराचा वारा आहे," मॅनेजर ठसकत म्हणाला. वारा? वारा तर बाजाराकडे वाहत होता!

तो दाराजवळ आला की ठसका, मागे सरला की बंद. शेवटी ओरडला, "ने बाई तुझं घर!" माझ्याच गाड्यांवरून ते डोंगरात परत गेलं.

पुढच्या साली जुगली वेचणीला आली तेव्हा विचारलं, "चूल कशी पेटनी व?"

"मले काय ठाऊक? तू बी व्हता ना तठे!"

म्हणजे तिलाही माहीत नाही. मला तर नाहीच. धुराचं कोडं राहू द्या हो... पण बाई तोंडानं सांगत होती, "हे माझं घर आहे," तेव्हा एवढ्या गर्दीत एकालाही ते कसं ऐकू आलं नाही? याचा उलगडा आधी कुणीतरी करा. माझा संताप अजून त्या चुलीइतका गार झालेला नाही.