मोहिनीच्या पायातली घंटी

धर्मापुरीत बातमी पोचायला मोबाईल लागत नाही. नळावर घागरींची रांग लागली की झालं. धुळाजी मेंढपाळानं पोटच्या पोरीच्या पायात मेंढराची घंटी बांधली, हे त्याचा चहा निवायच्या आत गावभर झालं होतं.

सातवीतल्या मोहिनीला फेफरं यायचं. आधी धुळाजीही चारचौघांसारखा तिच्या नाकाशी चप्पल धरायचा. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगला झाडला: कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, सकाळ-संध्याकाळची गोळी चुकवू नका. ते सगळं त्यानं ऐकलं. घंटी मात्र त्याची स्वतःची अक्कल. पोरगी कुठं पडली की घंटी वेडीवाकडी वाजायची आणि हा गडी काठी टाकून पळायचा.

गोळ्या लागू पडल्या. वर्ष झालं, झटका नाही. पण शाळेतल्या पोरी तिला बघून "बँऽऽ" करायच्या.

"आबा, काढा ना ही. मी काय मेंढी हाय?"

"अवो, काढा की," तिची आई भिवराबाई म्हणाली. "पुढं सोयरीक आली, तर घंटी वाजवीत चहा देईल का?"

धुळाजी हसला, विरघळला. घंटी सोडता सोडता बोलून गेला, "जा. बरी झालीस तू."

पोरीनं तेवढंच धरलं. बऱ्या माणसाला गोळी कशाला? ती गोळी जिभेखाली धरायची अन् गोठ्यामागं थुंकायची.

आठवड्यातच भाकरी थापताना तिला झटका आला. आवाज काहीच झाला नाही. भिवराबाई पाणी घेऊन आली, तेव्हा पोरीचा हात तव्यावर होता.

"गोळ्या कावून थुकल्या गं?" दवाखान्यातून आल्यावर गोठ्यामागं गोळ्या सापडल्या, तेव्हा धुळाजीनं विचारलं.

"तुमीच म्हणलता, बरी झालीस."

रागवावं असं माणूस घरात एकच उरलं, आणि ते तो स्वतः.

आता ती दोन्ही वेळा त्याच्यासमोर गोळी गिळते आणि तोंड उघडून दाखवते. मेंढराला औषध पाजल्यावर बघावं तसं तो बघतो. ती भिंतीकडं बघते.

हाताला पट्टी बांधून शाळेला निघाली, त्या सकाळी कोनाड्यातली घंटी तिनंच काढली आणि पाय पुढं केला. जन्मभर मेंढरं बांधलेल्या गड्याची गाठ दोनदा सुटली.

घंटी वाजवत ती नळावरून गेली. वर्गात एकही पोरगी "बँ" म्हणाली नाही. पोरींनी सरकून तिला बाकावर जागा दिली, जरा जास्तच मोठी.