पहिल्या बंडीवरचं पाणी

त्या गावाचं चित्र माझ्याकडे बारा वर्षं होतं. टपालाच्या कार्डावर छापलेलं. दगडी पूल, खाली तपकिरी पाण्याची नदी, काठाला गिरणीची उंच चिमणी आणि मागे चर्चचा मनोरा. स्कॉटलंडमधलं सुताकापडाचं जुनं गाव. वसतिगृहात असताना मी ते ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली ठेवत असे. मैत्रिणींना वाटे, मला ते फार आवडतं. मी त्यांचा समज तसाच राहू दिला. खरं तर ज्या माणसानं ते दिलं त्याचं घर कुठं आहे, हे मला विसरायचं नव्हतं.

आमचं गाव इंझोरी. कापूस कारंज्याच्या बाजारात जाई. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभाताच्या नैवेद्याची सीतादही व्हायची, आणि हंगामाची पहिली बंडी निघाली की माय बैलांना कुंकू लावायची, बंडीला ओवाळायची आणि तांब्यातलं पाणी हातानं कापसावर शिंपडायची. ओंजळभर, त्याहून जास्त नाही. का, ते कोणी विचारत नसे. दारातून निघणाऱ्या चांगल्या वस्तूवर पाणी शिंपडायचं, एवढंच.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. मामांनी मला नागपूरला मिशनच्या शाळेत घातलं होतं आणि मी नाताळच्या सुटीत घरी आले होते. मला बाजार पाहायचा होता. पहाटे बाबांनी मला कापसावर बसवलं. मायनं शिंपडलं आणि मग, लेक बंडीवर बसली आहे म्हणून, माझ्या बाजूच्या कोपऱ्यावर आणखी एकदा शिंपडलं. थंडी होती. बाबांनी माझ्या पायाखाली आणि त्या कोपऱ्यावर घोंगडी टाकली. कारंज्याला पोचेपर्यंत ती तशीच होती.

बाजारात बंड्यांची रांग लागली होती. एका विलायती कंपनीचा गोरा साहेब रांगेनं येत होता. कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि तुटलेल्या तंतूंकडे बघत पुढे जायचा. आमच्या बंडीशी आला. मी खाली उतरले होते. त्यानं घोंगडी बाजूला केली आणि हात नेमका त्या कोपऱ्यात घातला. बाहेर काढलेली मूठ त्यानं बरोबरच्या दलालाच्या गालाला लावली.

कापसाचं वजन वाढावं म्हणून काही लोक पाणी मारत. त्या गोष्टीला बाजारात चोरीच म्हणत.

दलाल मोठ्यानं म्हणाला, "काय बाप्पा, विहीरच भरून आणली काय बंडीत?"

बाबा म्हणाले, "पाणी मारेल नाही, साहेब. ते देवाचं हाय."

"काय म्हणतो?" साहेबानं विचारलं.

"म्हणतो, देवानं टाकलं," दलालानं त्याच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि मग तेच हिंदीत सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. रांगेतले लोक हसले. ज्यांच्या घरून त्याच सकाळी पाणी शिंपडलेल्या बंड्या आल्या होत्या, तेही हसले.

मग साहेबाची नजर माझ्या शाळेच्या बुटांवर गेली. "तुला इंग्रजी येतं?"

"हो, सर."

"मग तू सांग. या कापसावर पाणी टाकलं होतं का?"

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की मोठ्यांनी विचारलं की ताठ उभं राहायचं, विचारलं तेवढंच आणि खरं सांगायचं. मी ताठ उभी राहिले. ओवाळणं, शिंपडणं, पहिली बंडी, यांतल्या कशालाही माझ्याजवळ इंग्रजी शब्द नव्हता. वर्गात आम्ही डॅफोडिलची फुलं आणि बर्फ शिकलो होतो.

"हो, सर," मी म्हणाले.

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. खिशातून ते चित्र काढून मला दिलं. म्हणाला, "हे माझं गाव. आमच्याकडे खरं बोलणाऱ्या मुलांना बक्षीस देतात." आमच्या बंडीच्या पाटीवर कोणीतरी चुन्यानं फुली मारली आणि बंडी फिरवायला सांगितली.

परत येताना अर्धी वाट सरली. तेव्हा बाबा बैलांकडे बघतच म्हणाले, "तू खरं बोल्ली. पण अर्धंच बोल्ली." त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मायला त्यांनी सांगितलं की कापूस दहिवरानं ओला झाला. माझं नाव घेतलं नाही, तिच्या तांब्याचंही नाही. दुसऱ्या वर्षीपासून आमची बंडी दिग्रसला जाऊ लागली, दुप्पट वाटेनं, आणि माय दर वर्षी तिच्यावर पाणी शिंपडत राहिली.

गावात मात्र आमच्या घराला नाव पडलं. पाणीवाले. सुटीत मी विहिरीवर गेले की बाया म्हणायच्या, "सरका वं, पाणीवाल्याची पोरगी आली. हिले पाणी कायले लागते, घरीच लय हाय." मी घागर भरायची, हसायची आणि निघायची. माझ्या हसण्यावरून कोणाला काही कळत नसे.

बी.ए. झाल्यावर मला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी एक वर्ष एडिंबरोला जायला मिळालं. निरोपाच्या वेळी सगळ्यांनी विचारलं, तिकडं काय काय पाहणार. मी किल्ला म्हणाले, समुद्र म्हणाले. कार्ड ट्रंकेच्या तळाशीच होतं. मला त्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. त्याच्या हातचं लिहिलेलं, की त्या कापसात चोरी नव्हती. बाबा ते कारंज्याच्या बाजारात दाखवतील असं माझ्या मनात होतं. पण आधी मला त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं होतं. वाक्यं मी बारा वर्षं घोकली होती, आणि आता सगळे शब्द माझ्याजवळ होते.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी मी बसनं गेले. चित्रातला पूल तसाच होता. चिमणीतून धूर येत नव्हता. गिरणी दोन वर्षांपूर्वी बंद झाली, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंना विणकरांची ठेंगणी दगडी घरं. टपाल कचेरीतल्या बाईला मी म्हणाले, हिंदुस्थानात कापूस पारखायला होते ते गृहस्थ अजून इथं राहतात का. ती लगेच म्हणाली, "ते होय. शनिवारी ते विणकराचं जुनं घर दाखवतात. त्यांच्या आजोबांचंच घर. आता तासाभरात सुरू होईल." आणि माझ्या साडीकडे बघून, "तुम्हाला बघून खूश होतील."

मी तासभर चर्चच्या भिंतीशी उभी राहिले. वाऱ्यानं पायाची बोटं बधिर झाली होती. मला बरं वाटत होतं.

घर बघायला गावातल्याच सात-आठ बायका आल्या होत्या, आणि त्यांचा पाद्री. साहेब म्हातारा झाला होता, पण वाकला नव्हता. तेच लांब हात. त्यानं मला ओळखलं नाही, आणि ओळखण्याचं कारणही नव्हतं. मी सगळ्यांच्या मागे उभी राहिले.

तीन पायऱ्या उतरून माग ठेवलेली खोली होती, रस्त्याच्या पातळीच्या खाली. जमीन मातीची. तो फार चांगलं सांगत होता, हे मला मान्य करावं लागतं. आडव्या धाग्याचा धोटा कसा फेकायचा ते त्यानं मागावर बसून दाखवलं. म्हणाला, व्यापारी विणकराला सूत तोलून देई आणि कापड तोलून घेई. कापड हलकं भरलं तर विणकर चोर ठरे. मग त्यानं बुटाची टाच जमिनीत दाबून दाखवली. माती मऊ होती.

"आजोबा रोज सकाळी इथं बादलीभर पाणी ओतत. सुतावरही शिंपडत. कोरडं सूत तुटतं," तो म्हणाला. "ओल नसेल तर विणकाम नाही. हे ज्याला कळत नाही त्याला सूत कळत नाही."

बायकांनी माना हलवल्या. मी पुढे झाले.

"एक विचारू का?" मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्पष्ट आला. "तुमचे आजोबा सुतावर पाणी टाकत होते का?"

"हो, आत्ताच सांगितलं..."

"आणि तेच कापड व्यापारी तोलून घेत होता?"

"हो, पण त्याचं असं आहे, की..."

"आभारी आहे," मी म्हणाले. "मला एवढंच हवं होतं. तुम्ही खरं बोललात."

पर्समधून कार्ड काढून मी त्याच्या हातावर ठेवलं. "आमच्याकडे खरं बोलणाऱ्यांना हे देतात."

एक बाई हसली. तिला वाटलं, हा काहीतरी हिंदी लोकांचा विनोद असावा. दुसरी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "म्हणजे यांचा आजोबा लबाडी करत होता की काय?" आणि दोघी हसल्या. पाद्री साहेबाला हसून म्हणाला, "बरं सापडलात." साहेब लाल झाला. त्यानं तोंड उघडलं, पण त्या हसण्यात त्याचं वाक्य कोणी ऐकलं नाही. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं, सावकाश, आणि पायऱ्या चढून बाहेर आले.

बसला वीस मिनिटं होती. पुलापाशी थांबले तेव्हा लक्षात आलं की ज्यासाठी आले ते मागितलंच नाही. परत जाणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात तोच मागून आला. टोपी विसरला होता, हातात कार्ड होतं.

"हे तुम्हाला कोणी दिलं?"

"तुम्ही."

मी सांगितलं. घोंगडी, कोपरा, पाणी, दलाल, फुली, विहिरीवरच्या बाया. एकही शब्द अडला नाही. तो भिंतीला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला आठवत नाही. मी दिवसाला शंभर बंड्यांत हात घालत असे."

"मला आठवतं," मी म्हणाले.

"पण हे सगळं तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मी अकरा वर्षांची होते. तुम्ही किती वर्षांचे होतात?"

त्यानं पेन काढलं, कार्ड पुलाच्या दगडावर ठेवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं की त्या माणसाच्या कापसाला पाणी मारलेलं नव्हतं, चूक आपली होती. खाली सही केली. मला त्याचा रागच आला. आठवत नसताना त्यानं लिहिलं होतं, जसं माहीत नसताना फुली मारायला लावली होती. पण कार्ड मी घेतलं. आभार मानले नाहीत. बस आली तेव्हा तो हात वर करून उभा होता, आणि मी पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी बाबांना पत्र लिहिलं, कार्डाबरोबर. सगळं लिहिलं, मी काय उत्तर दिलं होतं तेही. बाबांना वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेतले गुरुजी वाचून दाखवणार आणि माय ऐकणार, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

उत्तर लगेच आलं नाही. उन्हाळा गेला, माझी परीक्षा झाली, निघण्याची तारीख पुढे ढकलली गेली. त्यांचं पत्र आलं ते नाताळच्या सुमाराला. अक्षर गुरुजींचं होतं, बोलणं बाबांचं:

"तुझा कागद तवाच भेटला. गुरुजीनं वाचून दाखोला. तुझ्या मायनं ऐकला आन् चार दिवस माझ्यासंग बोल्ली नाही. म्हणे, दहिवर म्हणून सांगतलं मले इतके साल. मंग म्हणे, यंदा पहिली बंडी कारंज्याले जाईन आन् मी बी येतो. मी म्हटलं, बायामाणसाचं काय काम बाजारात. तिनं ऐकलं नाही. घरून निंगतानी पाणी शिंपलं नाही, तांब्या संग घेतला. बाजाराच्या फाटकात बंडी उभी करायले लावली. सारे अडते पाहून राह्यले होते. खाली उतरली, बैलांले कुंकू लावलं, आन् सगळ्याइच्या समोर कापसावर पाणी शिंपलं. म्हणे, पाहून घ्या बाप्पा, एवढं पाणी मारतो आमी. ज्यांच्या घरी शिंपत नाहीत त्यांनं पुढं यावं. कोणी आलं नाही. मंग तो बुढा दलाल, तवा लोकाइले हासोलं होतं तो, त्याच्या गादीपाशी गेली आन् तांब्यातलं राह्यलेलं पाणी त्याच्या पांढऱ्या गादीवर वतलं. म्हणे, हे देवाचं नाही, हे माझं हाय. कापूस इकल्या गेला. साहेबाचं कारड माझ्या खिशातच होतं, काढाचं काम पडलं नाही. तू आपली तब्येत सांभाळ. माय म्हणते, येतानी वाटेत उतरू नको, सीधी घरी ये."

त्याखाली गुरुजींनी स्वतःच्या वतीनं, शुद्ध मराठीत, एक ओळ लिहिली होती: "मी प्रत्यक्ष हजर होतो. गादी पूर्ण भिजली."