मधलं पाणी

सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही गावांत मिळून समुद्राचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, असं विचाराल तर माझे थोरले साडू. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी. लोधीखेड्याकडच्या तलावावर गळ टाकून बसणं हा त्यांचा जुना उद्योग. पण खरी मासोळी मधल्या खोल पाण्यात असते, काठाला येते ती वेडसर, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून नाव हवी. दर वर्षी संत्र्याच्या बगीच्याचा बहार विकला की ते नागपूरला नाव पाहायला जात, आणि दर वर्षी ती त्यांच्या ऐपतीपासून हातभर पुढे सरकलेली असे. "साडभाऊ, अशी पळून राहिली ना, तिले पाण्याची गरजच नाई!" रिकाम्या हाताने परतणं स्वभावात नसल्यामुळे एका वर्षी त्यांनी वल्ही आणली, पुढल्या वर्षी केशरी लाइफ जॅकेट. ते घालून ते काठावरच्या दगडावर बसत. येणारे-जाणारे विचारत, "काका, गोटा बुडून राहिला काय?" तिथे मासे धरणाऱ्या ढिवराने आपल्या डोंग्यातून मधात, खोल पाण्यात नेतो म्हटलं, तर तेही नको. म्हणाले, "दुसऱ्याच्या नावेत माणूस सामान असते."

यंदा गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी संत्र्यांचे क्रेट आणि ट्रकच्या ट्यूबा बांधून स्वतःच नाव केली. जामसांवलीच्या मारुतीला साकडं घालून नारळ फोडला आणि साडू बसले. नाव सावकाश, आदराने खाली गेली. ट्यूबा वाढवल्या, तर कलंडू लागली. इतक्या वर्षांत नावेच्या किमतीसोबत साडूही वाढले होते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते काठावर निथळत उभे राहिले. हसायचं कोणाला सुचलं नाही. मग जन्मभर या नावेच्या वेडाची टिंगल करत आलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, त्यांच्या अंगातलं जॅकेट काढून स्वतः चढवलं आणि नावेला बांधलेल्या दोराचं टोक त्यांच्या हाती दिलं. "दोर धरा मंग पक्का," म्हणाल्या आणि वल्हं घेऊन बसल्या. नावेने तक्रार केली नाही. साडू दोर सोडत गेले. दोर संपला तेव्हा ताई मधात होत्या.

"कसं वाटून राहिलं वं?" साडू ओरडले.

"तुमी लय लहान दिसून राहिले जी!"

"आन् पाणी?"

ताईंनी वल्हं उभं खाली घातलं. कोपरापर्यंत हात बुडाला. "टेकत नाई!"

साडूंनी समाधानाने मान हलवली. ऊन उतरलं होतं. मी दोर ओढायला हात लावला, तर हळूच म्हणाले, "राहू द्या, साडभाऊ. बसू द्या तिले. आपलीच नाव आहे."