सोसायटीच्या आडाचं पाणी

गहिनीनाथ आमच्या गावच्या सहकारी सोसायटीचा शिपाई. गोदाम झाडायचं, खताची पोती उतरवून घ्यायची आणि चेअरमन सुंदरराव सांगतील ते करायचं, यातच त्याचा जन्म गेला. नाही म्हणायला तो कधी शिकलाच नाही. आम्हीही त्याला भला माणूस म्हणून मोकळे झालो.

पिकावर मारायच्या विषारी पावडरवर सरकारनं बंदी घातली, तेव्हा गोदामात बरीच पोती पडून होती. ती परत पाठवायचा उपद्व्याप कोण करणार? "टाक मागच्या आडात, कोरडाच हाय," चेअरमन म्हणाले. गहिनीनाथनं टाकली, वर माती लोटली. गावाला पत्ताही लागला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, म्हाताऱ्यांना बाहत्तर साल आठवावं असा दुष्काळ पडला. आमच्याकडं टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बायका शेंदून घेतात. पण गावविहिरीची गल्ली अरुंद, टँकर काही वळेना. मग गोदामामागचा, रस्त्यालगतचा सोसायटीचा आड सगळ्यांना सोयीचा वाटला. चेअरमननीच नारळ फोडला. त्यांच्या स्वतःच्या घरी जारचं पाणी यायचं, ते सोडा.

गहिनीनाथ तेव्हाही गप्प बसला. मात्र त्याची सून पोटुशी होती. तिच्यापुरती घागर तो तलवाड्याच्या वाटेवरच्या मळ्यातून भर उन्हात खांद्यावर आणायचा. आम्ही म्हणायचो, काय माया आहे सुनेवर!

आमच्या गल्लीतल्या छबुबाईला तसं वाटलं नाही. आडावर शेंदता शेंदता तिनं गोदाम झाडणाऱ्या गहिनीनाथला हटकलं, "आण्णा, तुमच्या घरचा हंडा हितं कावून दिसत न्हाई?"

"लई थकलो, बाई," तो म्हणाला, आणि पोत्यांचं सगळं सांगून टाकलं.

मला त्याचा संताप आला, अजूनही येतो. पण तिथं कुणी ओरडलं नाही. रांगेत उभं राहून बायकांच्या अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. "मंग आता पाणी कुठलं?" एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

छबुबाईनं पोहरा आडाच्या काठावर ठेवला.

"माझी लेक बाळंतपणाला आलीय, आण्णा. ती रोज तुमाला रामराम घालून ह्येच पाणी नेती. तिला तरी सांगायचं व्हतं."