दगडाला हात लावायचा नाही

आमच्या आत्याच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची कुणाची टाप नव्हती: तिचा चष्मा आणि तिचा धार लावायचा दगड. चष्म्याचं एक वेळ खपून जायचं.

आत्या सार्वजनिक बागेत माळीकाम करते. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी दगड बादलीत. त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तिचा चहा होतो. मग ओल्या फडक्यावर दगड ठेवून ती छाटणीची कात्री घासायला बसते. टेबलभर राखाडी चिखल होतो आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, टेलर. नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. एके काळी हाच माणूस गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा की पोट आत ओढू नका, सदरा काही तुमचं ऐकणार नाही. आता दिवसभर पडद्यांच्या शिवणी चाचपत बसायचे. आपला कुणाला उपयोग नाही हे त्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं. मला ते बघवायचं नाही आणि आत्याला तर त्याहून नाही, म्हणून ती त्यांच्यावर जास्तच खेकसायची. आमच्या घराण्यात माया अशीच बाहेर पडते.

मध्यंतरी आत्याचा अंगठा सुजला. डॉक्टरांनी घासघास बंद करायला सांगितली. मी लावते धार, असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती झाडांना पाणी घालायच्या कामावर गेली आणि काकांनी डाव साधला. दगड काढला, भिजवला न भिजवला, आणि बोटांनी चाचपत कात्री घासून लख्ख केली. दोन्ही पाती. टेलरच ते, कात्री म्हटली की दोन्ही पात्यांना धार हवीच. पण छाटणीच्या कात्रीचं खालचं पातं मुद्दाम बोथट ठेवतात. ते फांदी धरून ठेवतं, कापतं फक्त वरचं. मला तरी कुठे माहीत होतं! मी आपली काकांची तोंडभरून स्तुती केली.

पुढच्या संध्याकाळी आत्या आली ती हातात गुलाबाची फांदी घेऊनच. कापलेल्या टोकाची साल सोलवटून लोंबत होती. काका दारातच उभे होते. कशी चालली, म्हणून त्यांनी विचारलं. आता हिने एकदा तरी खोटं बोलावं, असं मला वाटत होतं.

"वाट लावलीत," आत्या म्हणाली. "फांदी निसटते. खालचं पातं धरायला असतं."

काकांनी ते टोक अंगठ्याने चाचपलं आणि त्यांचा चेहरा पडला. "राहू दे मग," ते म्हणाले. "मी आपला पडदेच बघतो."

मला आत्याचा असा राग आला म्हणून सांगू. तिने मात्र चपला काढल्या, दगड बादलीत सोडला आणि बादली काकांच्या खुर्चीशी सरकवली.

"बुडबुडे थांबले की सांगा."

"मला दिसतात का ते?"

"ऐका."

काका वाकले. पाण्यातून बारीक चुरचुर येत होती. आत्या त्यांच्या डोक्यावरून बादलीत डोकावत होती. शेवटचा बुडबुडा फुटला आणि काका म्हणाले, "थांबले."

मग तिने कात्रीचा स्क्रू काढला आणि त्यांच्या हातावर हात ठेवून खालचं पातं दगडाच्या कडेवर घासायला लावलं. धार लावायच्या दगडावर कात्री बोथट करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. तसं म्हटलंही. काका हसले, किती तरी दिवसांनी.

अंगठा आता बरा झालाय. परवा गेले तर टेबलावर सगळ्या बागेच्या कात्र्या पडलेल्या, काका बाह्या सरसावून बसलेले आणि दगड बादलीत. आत्याने चहा संपवला आणि सवयीने बादलीत हात घातला.

"हात लावू नकोस," काका खेकसले. "अजून थांबले नाहीत."

आत्याने मुकाट्याने हात मागे घेतला. तिला कुणाचं ऐकताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि वर ती हसत होती.